आम्ही, म्हणजे आपण

जेवणाच्या टेबलावर हाँगकाँगचा नकाशा पसरून नवी नवरी त्यावर बोट फिरवत होती. दोघांचाही तिथला हा पहिलाच प्रवास. निदान नवरा तसं म्हणाला होता. त्याची पहिली बायको बुडून मेली होती. कुठे, असं विचारलं की त्याचं तोंड शिवल्यासारखं होई. “पोचलो की पहिल्याच संध्याकाळी फेरीबोटीने जाऊ या,” ती म्हणाली. “मला खिडकीची जागा हं!” “खिडकी कसली, वेडाबाई! मागच्या कठड्याशी उभं राहायचं. तिथे कुणी फिरकत नाही. आम्ही तिथेच…” तो थबकला. “आम्ही?” “आपण गं, आपण! जीभ घसरली.” तिने नकाशावरचं बोट उचललं. नवऱ्याने सरावाच्या हाताने नकाशाची घडी घातली आणि सहज विचारलं, “काय गं, तुला पोहता येत नाही ना?” जन्मात गुडघाभर पाण्यातही न उतरलेली ती हसून म्हणाली, “कोण म्हणतं? कॉलेजात मला मासोळीच म्हणायचे.”