घरचं मानपत्र

आबासाहेबांनी डोळे मिटले, वही उघडली आणि पानावर बोट टेकवलं. बोटाखाली सुविचार आला : ‘जो झिजतो, त्याचाच सुगंध येतो.’

ही त्यांची जुनी रीत. मास्तरकीच्या काळात शाळेच्या फळ्यावर लिहिलेले सुविचार या वहीत उतरवून ठेवलेले. मानपत्र लिहायला बसलं आणि शब्द फुटेना, की वहीत बोट घालायचं, येईल तो सुविचार कागदाच्या डोक्यावर लिहायचा आणि पेन मोकळं सोडायचं. पंचक्रोशीतली बासष्ट मानपत्रं अशीच निघाली होती. सत्काराची शाल कुठल्याही दुकानातून यायची, मानपत्र मात्र गुरुजींकडूनच.

त्रेसष्टावं घरातलं होतं. त्यांच्या पत्नी पुष्पावतीबाई चौतीस वर्षांनी अंगणवाडीतून निवृत्त होत होत्या. उद्या सकाळी ग्रामपंचायतीपुढं सत्कार. मजकूर न्यायला कोपरगावहून आदिनाथ चार वाजता येणार होता. छापून, फ्रेम करून त्यालाच आणायचं होतं. साडेतीन वाजले होते.

‘चंदनाप्रमाणे आपण या गावासाठी झिजलात,’ आबासाहेबांनी लिहिलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचून पाहिलं.

“हे डेअरीच्या चेअरमनचं हाय,” स्वयंपाकघरातून आवाज आला. पुष्पावतीबाई उद्याच्या पाहुण्यांसाठी लसूण सोलत बसल्या होत्या.

आबासाहेबांनी कागद बाजूला सारला. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा बोट. ‘फळं लागली की झाड वाकतं.’ चार ओळी भरभर झाल्या.

“हे ग्रामसेवकाचं. बदली झाली तवाचं. त्यो कवा वाकला हुता?”

तिसऱ्यांदा आलं ‘दिव्यानं दिवा लागतो’. ते वायरमनचं निघालं.

इथंच घोडं पेंड खात होतं. पेन चालत होतं, पण जुन्याच चाकोरीनं. आणि ऐकणारी बाई अशी, की बासष्टच्या बासष्ट मानपत्रं सगळ्यात आधी तिनंच ऐकलेली.

“अगं, गावाला कुठं आठवतंय? गावाला नवीनच वाटेल.”

लसूण सोलायचा थांबला. “गावाला वाटंल. मला न्हाई वाटनार,” त्या म्हणाल्या. “मी कवा काय मागितलं का तुमच्याकडं? एवढं एक माझं म्हनून लिवा. दुसऱ्याच्या अंगावरनं उतरलेलं नगं.”

आबासाहेबांना आधी राग आला, मग लाज वाटली. ज्या चेअरमनशी आयुष्यात चार वेळा बोलणं झालं, त्याच्यावर दोन पानं सुचली होती. त्यांनी पेन झटकलं. शाई गळाली आणि बोटं निळी झाली. तीच बोटं कपाळाला लावून ते बसून राहिले.

“मला येईना गं,” ते म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज ओला झाला होता. “बेचाळीस वर्षं एका घरात राहतोय, आणि तुझ्यावर एक ओळ येईना.” डोळे पुसायला त्यांचा हात वर गेला.

पुष्पावतीबाईंनी दारातून वाकून पाहिलं. “आधी हात धुवा, मग रडा.”

त्या नेहमीसारख्याच म्हणाल्या. अंगणवाडीत पहिल्या दिवशी आलेलं पोर रडायला लागलं, की मातीचे हात डोळ्यांत घालायचं, आणि बाई हेच म्हणायच्या. हात धुऊन होईपर्यंत निम्मी पोरं रडायचं विसरून जायची. गावानं चौतीस वर्षं हे ऐकलं होतं. शाळेच्या वाटेवरच अंगणवाडी, त्यामुळं आबासाहेबांनीही ऐकलं होतं. वहीत मात्र कधी उतरवून घेतलं नव्हतं.

ते उठले. मोरीत जाऊन हात धुतले, कोरडे केले. नवा कागद घेतला, त्याच्या डोक्यावर ती ओळ लिहिली आणि मग पेन थांबलं नाही. ऊसतोडीच्या टोळ्यांतली पोरं पटावर नसायची, तरी बाई त्यांना पंगतीला कशी बसवायच्या, ते आलं. थंडीत पाणी गार लागतं म्हणून पोरांच्या हातांसाठी चुलीवर पातेलं कसं चढवायच्या, ते आलं. चंदन, झाड, दिवा काही आलं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही, आणि स्वयंपाकघरातूनही कुणी विचारलं नाही.

आदिनाथ सव्वाचारला आला. त्या अंगणवाडीत बसलेलाच तो. आता पस्तिशीचा, कोपरगावात छपाईचं दुकान असलेला. पुणतांब्याच्या अलीकडं मोटारसायकलची चेन उतरली होती, ती त्यानं स्वतःच चढवली. दोन्ही हात काळे झाले होते.

“द्या गुरुजी, उशीर झालाय,” तो उंबऱ्यातूनच म्हणाला. “सुविचार कोनता घातलाय? आमच्याकडं जुना छापलेला आसंल, तर टाइप करायचं वाचतंय.”

आबासाहेबांनी कागद पुढं केला. घ्यायला म्हणून आदिनाथनं हात लांबवला, आणि पहिली ओळ त्याच्या नजरेत आली. त्यानं हात मागं घेतला. तिथंच उभ्या उभ्या त्यानं खालचं सगळं वाचलं. मग मोरीत गेला. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

पुष्पावतीबाईंनी लसणाची पुढची पाकळी घेतली.

“साबन वर कोनाड्यात हाय रे,” त्या म्हणाल्या.