सुतावरची थरथर

इचलकरंजीत यंत्रमाग चालवणारी रझिया मुलाणी पन्नाशीत मोफत ऑनलाइन कॉलेजात शिकत होती. भौतिकशास्त्रातला लहरींचा धडा काही केल्या डोक्यात शिरेना, म्हणून ती कॉलेज सोडायला निघाली होती. एका दुपारी ताणलेल्या सुताला तिचं बोट लागलं. सूत जागेवरच राहिलं आणि थरथर तेवढी टोकापर्यंत गेली. तिला धडा उलगडला. तिने ते फोनवरच्या कॉलेजच्या बोलत्या पुस्तकाला सांगितलं. वाचकांना असं काही उमगलं की पुस्तक ते पारखून धड्यात घेत असे.

आठवड्याभरात त्या पुस्तकातून एका मुलीचा आवाज आला. "बाई, मी चंद्रावरच्या वसाहतीत शिकते. तुमच्या सुतामुळे मला लहरी समजल्या. पण माग वाजतो कसा?"

रझियाला शिक्षिका समजून आजवर कुणी बाई म्हटलं नव्हतं. कारखान्याच्या दारातून दिवसाचा फिकट चंद्र दिसत होता. तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"ऐक हं, बेटा," ती म्हणाली आणि तिने माग सुरू केला.