सावडीतलं मशीन

"दे इकडं तुजं काम. मी एकटीच उरकते," हर्षाली म्हणाली, तर आदेशने आपला लॅपटॉप चक्क स्वतःकडे ओढून घेतला.

शहापूरच्या बाजारपेठेत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत हे चाललं होतं. खोली तिघांनी मिळून भाड्याने घेतलेली. शेणव्याचा आदेश ड्रोन उडवून डोंगरउतारांचे नकाशे करतो. उंबरमाळीच्या पाड्यावरची हर्षाली न बांधलेल्या इमारती संगणकात उभ्या करते आणि लोकांना त्यातून फिरवून आणते. मुरबाडची पूजा माहितीपटांचं संकलन करते. कामं निराळी, रडगाणं मात्र एकच: लॅपटॉपला झेपत नाही.

पुढचं मशीन कसं असावं, हा त्यांचा चहाबरोबरचा लाडका विषय. आदेशला उन्हात दिसणारा स्क्रीन हवा होता, कारण बांधावर डोक्यावरून पोतं घेऊन तो नकाशा बघायला लागला की गुराखी त्याला हसायचे. पूजाला विटेपेक्षा हलका चार्जर हवा होता. हर्षालीला थंड डोक्याचं मशीन हवं होतं. तिच्या लॅपटॉपवर भाकरी भाजून निघेल असं पूजा म्हणायची, आणि ते फार काही खोटं नव्हतं.

पण असलं मशीन येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली हर्षाली नव्हती. एकदा तिचं काम अडलं, तेव्हा तिने तिघांचे लॅपटॉप वायरने एकमेकांना जोडले आणि काम वाटून दिलं. यात नवं काय, तिने विचारलं होतं, पाड्यावर भाताच्या लावणीला सगळे असंच करतात. एकमेकांच्या शेतात पाळीपाळीने राबायचं. त्याला सावड म्हणतात. त्यात मजुरी नसते आणि उपकारही नसतो. ज्याने आपल्याकडे कष्ट केले, त्याच्याकडे आपण जाऊन करायचे. तिघांचाही धंदा तेव्हापासून या सावडीवर तगला होता. पोरीचं डोकं खरंच वाखाणण्यासारखं.

मग ते नवं मशीन आलं. पुढच्या वर्षी बाजारात आणायचं होतं ते, म्हणून कंपनीने आधी असलं काम करणाऱ्या काहींच्या हातात देऊन बघायचं ठरवलं, आणि त्यात हर्षालीची निवड झाली. काय मशीन होतं! तिघांच्या लॅपटॉपना रात्रभर पुरणारं काम ते चहा निवेपर्यंत संपवायचं. पंखा फिरतोय की नाही, हे कान लावून ऐकावं लागायचं. आदेशने ते गच्चीवर भर उन्हात नेलं, तर नकाशातली रेघन् रेघ दिसली. तिघं खुळ्यासारखी हसत सुटली. त्या दिवशी पूजाने भजी आणली आणि मशीनला कुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

त्यानंतर मात्र हर्षालीला कुणाच्या लॅपटॉपची गरज पडली नाही. तिची कामं आपली आपण होत गेली. सावडीचं नाव कुणी काढलं नाही, आणि ते निघालं नाही हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. आदेशच्या तेवढं आलं.

आज तो अडला होता. एका वस्तीच्या माथ्यावरचा डोंगर पावसात खाली येईल का, हे त्याच्या नकाशावरून ठरायचं होतं. हजारो फोटो जोडून पुरा उतार उभा करायचा होता, आणि काम देणाऱ्यांना तो उद्या सकाळी हवा होता. वेळेत दिला तर तालुक्यातल्या बाकीच्या उतारांचं काम त्याचंच होतं. नाही दिला तर भिवंडीच्या गोदामातली जुनी नोकरी होतीच. त्याचा लॅपटॉप धापा टाकत होता. परवापर्यंतही तो पोचणार नाही, हे खोलीत सगळ्यांना दिसत होतं.

"येडा हायस का तू? तासाभराचं काम हाय," हर्षाली म्हणाली.

"म्हणूनच नको," आदेश म्हणाला. "तू माझ्या शेतात येशील. तुझ्या शेतात आता माझं काय काम? ही सावड नाय गो. हा उपकार झाला."

पूजाने त्याला खूप झापलं. एवढा ताठा बरा नव्हे, डोंगराखाली माणसं राहतात, म्हणाली. त्याची मान खाली गेली. तो हट्टी होता, पण बोलला ते खरं होतं. सावडीचा कायदा या खोलीत हर्षालीनेच आणला होता, आणि तो मोडून दिलेली मदत घेताना आदेशची मान कायमची वाकली असती. तिला हे पाड्यावरच्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती फोन घेऊन जिन्यात गेली.

बराच वेळ तिचा आवाज येत राहिला. परत आली ती सरळ आदेशसमोर फरशीवर बसली. एक फिल्मवाले तिच्या मागे लागले होते, असं तिने सांगितलं. त्यांना तानसाचं आख्खं जंगल संगणकात हवं होतं, वारा सुटला की त्यातलं पान न् पान हलायला हवं होतं. हे नवं मशीनसुद्धा त्यात एकटं गुदमरलं असतं, म्हणून सकाळीच तिने त्यांना नाही सांगितलं होतं. पूजाने विचारलं, मग आता कुणाशी एवढं बोलत होतीस?

हर्षालीने आदेशकडे बघितलं.

"त्यांना हो सांगून बसलेय रे. तू सावडीला नाय आलास तर बुडाले मी."