खालचा शेजारी

या माऊलींनो, जवळ सरका. धरणात बुडालेल्या एका घराची गोष्ट सांगतो.

हौसाक्का भोईणीला सरकारी योजनेतून मासे पाळायचा तरंगता पिंजरा मिळाला. तो गेला तर दुसरा मिळणार नव्हता. जागा आली नेमकी जुन्या गावातल्या शेजारच्या तातूदाजींच्या बुडालेल्या घरावर. धरणासाठी गाव उठलं तेव्हा दाजी उठले नव्हते, घरासोबतच बुडाले. भोयांच्या रीतीप्रमाणे पिंजरा जागी धरणारा नांगराचा दगड दोराला बांधून सोडताना आक्कानं खालच्या घरधन्याला हाक दिली, "दाजी, दारात दगड टाकते. रागावू नका."

आठवड्यात वादळ झालं. सगळ्यांचे पिंजरे वाहून गेले, तिचा जागचा हलला नाही. पाहायला उतरलेला पाणबुड्या घाईघाईनं वर आला.

"आक्का, तुझा दोर दाराच्या फटीतून आत ओढलाय. दार ढकललं, तर आतून कडी."

आक्कानं पाण्याला हात जोडले. "म्हातारा अजून शेजारधर्म पाळतोय."

जेवताना एक घास तातूदाजींच्या नावानं काढा, माऊलींनो.