नवरदेवाचा टाय

लग्नाच्या दिवशी विक्की आला तो गळ्यात टाय घालूनच.

सकाळीच दाढी करून घरापुढच्या सपरीत बसलेल्या चैतरामची नजर त्या टायवरच अडली. केशोरीत लग्न कुणाचंही असो, नवरदेव टाय घेऊन आधी त्याच्याकडे यायचा. दुसऱ्याच्या गळ्यात गाठ मारणं चैतरामला कधी जमलं नाही. तो टाय स्वतःच घाली, आरशात पाहून गाठ बसवी, सैल करून डोक्यावरून काढी आणि पोराच्या गळ्यात अडकवी. आधी त्याच्या गळ्यात, मग बोहल्यावर. पन्नास वर्षं असंच. स्वतः मात्र बिनलग्नाचा. यंदा विक्कीच्या आधीचे दोघं नवरदेव तर फिरकलेच नाहीत.

"कोनं बांधून देलन, बेटा?"

"बांधाचं कामच नाही, आबाजी. चेनवाला हाय." विक्कीने सर्रकन ओढून दाखवला. "तुमचा तो जुना टाय द्या ना. फोटोवाला म्हणते, जुन्या जमान्याचा एक फोटो पायजे."

चैतरामने पेटी उघडली. धरणाच्या कामावरचा साहेब विलायतेत शिकलेला. काम संपवून जाताना त्यानेच चैतरामला हा टाय दिला, गाठही शिकवली. पळसाच्या पानाएवढा रुंद. केशरीत जांभळं, जांभळ्यात हिरवं, पाण्यात रंग सांडून कुणी बोट फिरवावं तशी वळणं. मागे लंडनच्या दुकानाची चिठ्ठी शिवलेली.

"बापा! हे घालून लोकं बाहेर निंगत होते?"

"निंगत होते. अन् बाकीचे वळून वळून पाहत होते."

म्हाताऱ्याने टाय गळ्यात घातला, आरशासमोर गाठ बसवली, मग चेनवाला उतरवून विक्कीला हा घातला. अंगणात दोन फोटो निघाले. घाईत विक्कीने भलतंच टोक ओढलं आणि गाठ आवळून बसली.

"काढा ना, आबाजी! डीजे सुरू होऊन राहिला."

"हनवटी वर कर."

पोराचा श्वास म्हाताऱ्याच्या हातांवर येत होता. अंगाला हळदीचा, अत्तराचा वास. दारातून कुणीतरी हाका मारत होतं.

"सुटली का?"

"थांब जरा. रेशीम हाय, फाटून जाईल."

गाठ केव्हाच सुटली होती. चैतरामची बोटं कॉलरपाशी तशीच घुटमळत राहिली.