अख्खी पोळी

आईनं ताट मागे सरकवलं. "मालकिणीला बोलव. फाटकी पोळी वाढलीय गिऱ्हाइकाला!"

टोरांटोतल्या आमच्या गल्लीतलं हे त्रिनिदादी हॉटेल जेमतेम चार टेबलांचं. रश्श्यासोबत चिंध्या केलेली पोळी वाढणं ही तिथली रीतच, हे मी आईला सांगितलं नव्हतं. तिनं डोंबिवलीत तीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं. फाटलेली पोळी गिऱ्हाइकाला कधी गेली नाही. ती माझ्या ताटात यायची.

मालकीणबाई आल्या. मी ओशाळून तक्रार सांगितली. त्या खळखळून हसल्या आणि आम्हाला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तव्यावर सुपाएवढी, पदर सुटलेली पोळी भाजत होती. आता ती झोडपून फाडायची, असं खुणेनं दाखवत त्यांनी दोन लाकडी उलथणी आईच्या हातात दिली.

आईनं ती उगारली आणि तशीच खाली ठेवली. "हात उठत नाही गं. जन्मभर फाटू नये म्हणूनच जपत आले."

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आईचं बोलणं इंग्रजीत सांगितलं आणि या शहरात कधीच कुणाला न सांगितलेलं पुढे जोडलं, "माझ्या आईनं पोळ्या लाटून मला इंजिनिअर केलं." माझा आवाज सगळ्या हॉटेलात ऐकू गेला. जाऊ दे की.

त्यांनी ती पोळी अख्खीच उतरवून आईला वाढली. टेबलावर आल्यावर आईनं ती माझ्या ताटात घातली आणि फाटकी स्वतःकडे ओढली.

"खा," ती म्हणाली. "आज तू गिऱ्हाईक."