तिरपी कबर

निशापूरच्या कबरस्तानात तीस वर्षं मी सगळ्या कबरी एका ओळीत खणल्या. मशिदीची मेहराब, म्हणजे भिंतीतला कमानीचा कोनाडा, दाखवते तीच मक्केची दिशा, मढ्याचं तोंड तिकडेच. गणिती शहरियार मात्र जन्मभर ओरडत राहिले, "अरे, मेहराब अकरा अंशांनी चुकलीय!" काझींनी त्यांना भर बाजारात वेड्यात काढलं.

ते गेले, तर त्यांची बायको माहबानू आकडेमोडीचा कागद घेऊन माझ्या डोक्यावर उभी.

"कबर जरा डावीकडे वळव."

"अहो बाई, अख्खी ओळ बिघडेल!"

"बिघडू दे! रोज जेवताना हेच ऐकलंय मी. सरळ निजवलंस, तर रात्री स्वप्नात येऊन पुन्हा समजावत बसतील."

वळवली. काझी माझ्यावरच डाफरले, "ओळीची पार शोभा घालवलीस, गाढवा!"

काल अंथरुणाला खिळलेल्या काझींनी मला बोलावणं धाडलं. पोरासुनांना खोलीबाहेर काढलं आणि माझा हात घट्ट धरला.

"माझी कबर त्या शहरियारच्या शेजारी खण. तशीच तिरपी." मग दाराकडे बघत पुटपुटले, "आणि मशिदीत कुणाला बोलू नकोस."